थोड्या वेळाने सबवूफर गप्प होतो, अँपचा दिवा मात्र हिरवाच

डिकीतला_गोंधळ:
मंडळी, डिकीत १२ इंची सब (बेसचा स्पीकर) आहे, ४ ओहमचा, सिंगल कॉइल, म्हणजे पडदा हलवणारं तारेचं वेटोळं एकच. त्याला वेगळा मोनो अँप. दारातले स्पीकर गाडीबरोबर आलेलेच, ते स्टिरिओवर चालतात. गाडी सुरू केली की बेस झकास. काही गाणी जोरात वाजली की एकदम गायब, हळूहळू वगैरे नाही. बाकी गाणं चालूच. अँपचा दिवा हिरवाच राहतो. गाडी उभी ठेवून थंड झाली की परत वाजतो. फ्यूज शाबूत आहेत, स्टिरिओतली सब लेव्हल हललेली नाही. एकाने अँप न उघडताच सांगितलं, 'अँप गेला, नवा घ्या.' घ्यावा का?

जुनी_केबल:
आधी रिमोट वायर बघा, स्टिरिओकडून अँपला जाणारी निळी-पांढरी. सैल असेल तर अँप मध्येच बंद पडतो. अर्थची तार रंग खरवडून उघड्या पत्र्याला कसली आहे ना, तेही बघा.

सोल्डरवाली_मावशी:
केबलराव, रिमोट सुटली असती तर दिवाच विझला असता. अँप तापून किंवा शॉर्ट होऊन प्रोटेक्टमध्ये गेला असता, म्हणजे स्वतःला वाचवायला आउटपुट बंद केला असता, तर बहुतेक अँपमध्ये दिवा लाल होतो. इथे तो हिरवा आहे, म्हणजे अँप जागा आहे. तेव्हा नवा घ्यायची घाई नको. न उघडता निदान करणाऱ्यांचं मला भारी कौतुक वाटतं, असो.

एक मल्टीमीटर पैदा करा. मोबाइलवर ५० हर्ट्झचा टोन घ्या, गाडी चालू ठेवा आणि बेस जाईपर्यंत वाजवा. गेला की काहीही बंद न करता मीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या स्पीकर टर्मिनलवर लावा. व्होल्ट दिसले तर अँप आपलं काम करतोय, दोष त्याच्या पुढे, वायरीत किंवा सबमध्ये. शून्य दिसले तर खुद्द अँपमध्ये किंवा त्याच्या मागे, आरसीए केबल (स्टिरिओकडून अँपला सिग्नल नेणारी) किंवा स्टिरिओच्या सब आउटपुटकडे. या एका मापाने अर्धी गाडी उचकटायची वाचते.

मग सगळं बंद करून सबची वायर सोडवा आणि मीटर ओहमवर. ४ ओहमची कॉइल मीटरवर साधारण ३.२ ते ३.८ दाखवते, पुरे ४ दिसले नाहीत म्हणून दचकू नका. मीटर लावलेलाच ठेवून दोन्ही तळवे पडद्यावर सारखे टेकवा आणि सावकाश आत दाबा. आकडा हलतो का, आतून खरखर येते का, ते सांगा.

डिकीतला_गोंधळ:
मावशी, केलं. बेस गेल्यावरही अँपवर १८ व्होल्ट होते! सबवर ३.६. पडदा आत दाबला की मीटर 'ओएल' (म्हणजे जोडणी तुटलेली) दाखवतो, सोडला की पुन्हा ३.६. खरखर अजिबात नाही.

सोल्डरवाली_मावशी:
सापडला चोर. खरखर नाही म्हणजे कॉइल घासत नाहीये. सबच्या टर्मिनलवरून पडद्याकडे जाणाऱ्या दोन मऊ तारा असतात, वेणीसारख्या विणलेल्या. त्यांना टिन्सेल लीड म्हणतात. पडद्याबरोबर सतत वाकून त्यातली एक तुटत आलीय. बहुतेक वेळा टर्मिनलच्या अगदी तोंडाशी तुटते, वरून दोरा धड दिसतो आणि आतलं तांबं गेलेलं असतं. उरलेले धागे थंड असताना टेकतात, तापले नि पडदा जोरात हलायला लागला की सुटतात. चिमट्याने हळूच हलवून बघा, कळेल.

जोडताना साधी वायर लावू नका, ती लवकर तुटते. टिन्सेल लीडचीच तार मागवा. जुनीइतकाच झोल ठेवा: ताठ झाली तर पडद्याला ओढेल, जास्त सैल झाली तर पडद्यावर आपटेल. सोल्डर टोकालाच. ते वेणीत वर चढलं तर तेवढा भाग कडक होतो आणि नेमका तिथेच मोडतो.

आणि एक. बॉक्सला पोर्ट, म्हणजे हवा ये-जा करायचं भोक किंवा नळी, आहे का?

डिकीतला_गोंधळ:
आहे, ३५ हर्ट्झला ट्यून केलेला, असं बनवणाऱ्याने सांगितलं होतं. का?

सोल्डरवाली_मावशी:
पोर्टवाल्या बॉक्समध्ये ट्यूनिंगच्या खाली पडद्याला हवेचा आधार उरत नाही, तो वाट्टेल तितका उडतो आणि मार या तारांना बसतो. अँपवर सबसॉनिक फिल्टर (फार खालचे आवाज अडवणारा) असेल तर ३० च्या आसपास ठेवा, बेस बूस्ट शून्यावर.

जुनी_केबल:
आणि सब परत बसवताना प्लस-मायनस उलटं करू नका. एकटा सब असेल तर वाजेल, पण दारातल्या स्पीकरशी भांडेल आणि बेस पुन्हा पातळ वाटेल.