मेजवानीनंतर उरलेल्या पदार्थांतून नवे काय करता येईल?

प्रश्न:
काल सणाच्या मेजवानीनंतर भात, उकडलेले बटाटे, परतलेल्या भाज्या आणि दाट रस्सा असे सगळे थोडे थोडे उरले आहे. नुसते गरम करून वाढले तर घरातील मंडळी नाक मुरडतात आणि सगळे एकत्र कालवले तर कशाचीच चव धड लागत नाही. यातून उरलेले वाटणार नाही असा एखादा पदार्थ जाणकारांनी सुचवावा.

प्रतिसाद १:
सगळे एकत्र करण्याचा मोह टाळावा, हे तुमच्या लक्षात आलेच आहे. माझ्या मते चव बदलण्याआधी पोत बदलावा, कारण कालचा मऊ पदार्थ आज कुरकुरीत होऊन आला की तो ओळखूही येत नाही. बटाटे फ्रिजमधून काढल्यावर थंड असतानाच किसावेत. थंड झालेला स्टार्च घट्ट होत असल्यामुळे त्यांच्या चपट्या वड्या नीट वळल्या जातात. भाज्या मात्र आधी कोरड्या तव्यावर परतून त्यांतले पाणी आटवावे आणि मगच बारीक चिरून त्यात मिसळाव्यात, कारण ओलसर मिश्रणाला रंग चढत नाही, ते नुसते वाफेवर शिजत राहते. बांधणीसाठी एक अंडे किंवा थोडे पीठ पुरते. खालची बाजू तव्यापासून आपोआप सुटेपर्यंत वडी उलटू नये. बहुतेकांचा धीर इथेच सुटतो.

प्रतिसाद २:
कृती उत्तम आहे, पण भात किती वेळ बाहेर होता, हे आधी पाहावे. बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजवल्यानंतरही टिकून राहू शकतात आणि भात तासन्‌तास बाहेर राहिला तर वाढलेले जिवाणू जे विष तयार करतात, ते पुन्हा गरम केल्याने नष्ट होईलच असे नाही. शिजवलेले अन्न २ तासांच्या आत, उथळ भांड्यात पसरून फ्रिजमध्ये गेले असेल तरच ते वापरावे, तेही ३ ते ४ दिवसांत.

प्रश्नकर्ता:
भात जेवणानंतर लगेच फ्रिजमध्ये ठेवला होता. वड्या करून पाहीन. भात आणि रस्सा यांचे काय करावे?

प्रतिसाद १:
थंड भाताचे दाणे सुटे होतात, हा त्याचा गुणच समजावा. भात तेल लावलेल्या जाड बुडाच्या कढईत दाबून पसरावा आणि मध्यम आचेवर तळाशी खरपूस थर धरेपर्यंत ठेवावा. रस्सा वेगळा उकळून निम्म्यावर आणावा. आटताना त्यातले मीठ तीव्र होते, म्हणून वरून मीठ घालू नये, लिंबाचे दोन थेंब पुरेत. वाढताना भात उलटा काढून वर वड्या मांडाव्यात आणि रस्सा बाजूला द्यावा. वरून ओतला तर कुरकुरीतपणा पाच मिनिटांत जातो.