रायमुनिया आत्ता काढावी का थांबावं? (जेसीबी फुकट मिळून राहिला)

लेआउटवाला:
नमस्कार मंडळी. आमच्या लेआउटच्या मागं नाल्याला लागून दोनेक एकराचा तुकडा आहे, कधीकाळी शेत असावं कारण मधात एक मोडकी विहीर आहे, बाकी पळस, कडुनिंब, बोरी, दोन मोह अन् एक भला मोठा उंबर. आम्ही दहा-बारा लोकं तीन वर्षांपासून दर रविवारी सकाळी तिथं जातो, प्लॅस्टिक उचलतो, रोपांना पाणी घालतो, पाखरांची मातीची भांडी भरतो (खरं सांगायचं तर दोन तास काम अन् एक तास तर्री-पोहा).

अडचण अशी की निम्म्या जागेत रायमुनिया (ते परदेशी काटेरी झुडूप) माजली. मागच्या वर्षी याच दिवसांत आम्ही कोयत्यानं वीतभर बूड ठेवून सपासप कापली, फोटो टाकले, शाबासकी घेतली, अन् दिवाळीपर्यंत आधीपेक्षा दाट. एकेका बुडाला पाच-पाच फांद्या. आता ग्रुपातल्या एकाच्या ओळखीनं येत्या रविवारी जेसीबी फुकट मिळून राहिला, पावसाच्या आत सगळं सपाट करून टाकू असं बहुतेकांचं म्हणणं, मी पण हो म्हणून बसलो. पण काल वाट मोकळी करायला गेलो, कोयता उचलला, तर कमरेएवढ्या उंचीवर वाटीसारखं घरटं. आत तीन अंडी, गुलाबीसर, त्यावर लालसर ठिपके, अन् बाजूच्या फांदीवर बुलबुल नुसती बोंबलून राहिली. तसाच घरी आलो. नवतपा (मे अखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस) चालू आहे, आधीच झोप नाही, त्यात हे. काय करावं सांगा.

संध्याकाळची_फेरी:
घरट्याचं समजलं, पण दुसरी बाजू पण ऐका. मी अशाच एका जागेच्या कडेनं रोज जाते, दुसऱ्या लेआउटमध्ये. रायमुनियाच्या आड बसून पिणारे, फुटक्या बाटल्या, अन् मागच्या पावसाळ्यात वाटेवर घोणस. झुडपं ठेवा म्हणणाऱ्यांनी एकदा सात वाजता तिथून एकटं जाऊन दाखवावं. जंगल हवं आहे मला पण, पण वाटेला लागून नको.

बुडापासून:
जेसीबी नोका घुसवू भाऊ. आमच्या गावी घुसवला होता, रायमुनिया गेली अन् पुढच्या पावसात तिच्या जागी गाजरगवत आलं छातीएवढं. तिच्यासंगं पळसाची बारकी रोपं होती थे पण गेली, कोणाला दिसलीच नाही. वरतून काळी माती अशी दाबून ठेवली का तिथं पाणीच मुरत नाही आता.

पानगळ:
बरीच वर्षं हेच काम करून राहिलो म्हणून जरा लांब लिहितो.

बुडापासून यांनी बरोबर सांगितलं. रायमुनियाची गंमत अशी की फांदी कापली की तिला वाटतं छाटणी केली. फांद्या जिथून फुटतात तो भाग जमिनीच्या तोंडाशी असतो, मूळ अन् खोड जुळतं तिथं. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांच्या गटानं जी पद्धत काढली तिच्यात माती बाजूला करून त्या भागाच्या खाली, म्हणजे जमिनीच्या दोन-चार बोटं आत, मुख्य मूळ कुदळीनं तोडायचं अन् अख्खं झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं आभाळाकडे. मातीला टेकलं तर परत धरते. दोन माणसं, एक कुदळ, एक पहार, एवढंच लागते. जेसीबी झुडूप ओढते तेव्हा मूळ मधातच तुटते, अन् उकरलेल्या मातीत जुनं बी उगवायला मोकळं.

आता वेळ. मे महिन्यात काळी माती दगडासारखी, कुदळ टणकन उडते, अन् वरून घरटी. बुलबुल साधारण फेब्रुवारीपासून पावसाळा सरेपर्यंत अंडी घालतच राहते. म्हणून मी तरी मोठं काम ऑक्टोबर-नोव्हेंबरला काढतो, माती ओलसर, घरटी बहुतेक रिकामी. तेव्हा पण एका हंगामात पाव भागच. सगळं एकदम काढलं तर बुलबुल, मुंगूस, सातभाई जातील कुठं? आधी बोर, मुरुडशेंग, धायटी, अडुळसा, निरगुडी लावा, ते कमरेला आले की त्यांच्या बाजूची रायमुनिया काढा. अन् पुढची दोन-तीन वर्षं पावसात उंबराखाली, कडुनिंबाखाली पाहत जा. बुलबुल-साळुंक्या फळं खाऊन तिथंच बसतात, त्यामुळं रोपटी पहिले तिथंच उगवतात, हातानं उपटून येतात. बोटभर असतात तोवर.

कायद्याचं पण पाहून घ्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच रानपाखरांची अंडी-घरटी विस्कटणं येते. जागेत सुबाभूळ असेल तर परदेशी आहे म्हणून परस्पर तोडू नका, शहरात झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानं परवानगी लागते.

एक विचारतो, वाळका पाचोळा जाळता का? जाळत असाल तर ते पहिले बंद करा, रायमुनिया नंतर. आपल्याकडं पावसाच्या तोंडावर नवरंग पक्षी येतो, दक्षिणेतून थेट इथं वीण करायला, अन् त्याचं सगळं जेवण पाचोळ्यात, पानं उलटवून किडे-गांडुळं काढतो. झाडलेल्या स्वच्छ जमिनीवर तो काय खाईल, फरशी?

मुळाकाठी:
पुण्यातून. आम्ही हिला घाणेरी म्हणतो, रायमुनिया म्हणजे काय हे कळायला दोन मिनिटं गेली, नाव मात्र तुमचंच भारी. काढलेल्या काठ्या पेटवू नका, वाळवून रोपांभोवती कुंपण होतं. निलगिरीकडच्या आदिवासी कारागिरांनी ह्याच काठ्यांचे खऱ्या मापाचे हत्ती केलेत, फोटो बघा कधी.

लेआउटवाला:
सर्वांचे आभार. पानगळ, पाचोळा जाळत होतो हो, आम्हीच, दर रविवारी एक ढीग, "स्वच्छता" म्हणून. लिहिताना लाज वाटून राहिली.

जेसीबी रद्द केला. ग्रुपात जोरात भांडण झालं, दोन जण सोडून गेले, त्यातला एक जेसीबीवालाच. संध्याकाळची_फेरी यांचं पटलं म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी दहा-दहा फूट छाटून घेतो, घरटं पाहून पाहून, मुळं ऑक्टोबरला. बुलबुलवालं झुडूप वाटेपासून चार फुटावर आहे, त्याला पिल्लं उडेपर्यंत हात लावायचा नाही, तिथं लाल रिबीन बांधणार होतो पण पोरं रिबीन पाहून हमखास जातील म्हणून काहीच नाही बांधलं.

लेआउटवाला: (१४ जून)
अपडेट. दोन पिल्लं उडाली, तिसऱ्या अंड्याचं काय झालं माहीत नाही. परवा पहिला चांगला पाऊस झाला अन् आज पहाटे उंबराकडून दोन सुरांची शिट्टी, एक वर एक खाली, थांबून थांबून. मी म्हणतो नवरंग, आमच्यातला एक म्हणतो कोतवाल पक्षी नकला करून राहिला. दिसला नाही.

पानगळ:
पाचोळ्यात पाय न घालता वाटेवर गपचूप बसा, पहाटे किंवा दिवेलागणीला. दिसला तर फोटोसोबत जागा टाकू नका, दुसऱ्या दिवशी पन्नास कॅमेरे येतात. अन् गमबूट घालून जा, घोणस पण त्याच पाचोळ्यात असते.

लेआउटवाला:
गमबूट बारा लोकात तीन जोड्या, त्या पण सगळ्या नऊ नंबर. कोणाकडं सात नंबरचा पडून असेल तर सांगा, घ्यायला येतो.