दुधी गळतोय? संध्याकाळी बघा

फुलं भरपूर, पण बोटाएवढे दुधी पिवळे पडून गळतात, शेणखत वाढवू का, असं तुम्ही विचारलंय. मला तरी खताचा दोष वाटत नाही, परागीभवन होत नसावं. आमच्या इंदूरच्या घरी मागच्या अंगणात दोन वर्षं हेच चाललं होतं. सासूबाईंच्या मते दृष्ट!

दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा मधमाश्या घरी परतलेल्या असतात. म्हणून दिवेलागणीला नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. मादी फुलामागे इवलासा दुधी असतोच, चुकायला होत नाही. दोडकाही संध्याकाळचाच. गिलकी (तुमच्याकडचं घोसाळं) मात्र सकाळी उमलते, तिचं मधमाश्या बघून घेतात. आणि हो, वेलाला सुरुवातीला नुसती नर फुलं येतात. ती गळणारच.

खताला आम्ही पालापाचोळा आणि ओला कचराच वापरतो. कचरा वेगळा करायची सवय इंदूरकरांना आता लागलेलीच आहे. मावा किडीसाठी लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, पण उमललेल्या फुलांवर फवारू नका.

दुधी नख सहज रुतेल इतका कोवळा असतानाच काढा. चिरताना तुकडा चाखा. कडू लागला तर अख्खा फेकायचा, घरचा सेंद्रिय असला तरी. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दवाखान्यात गेलेली आहेत.