साधं सिस्ट आलं तर सीटी हवाच का?

प्रश्न असा की सोनोग्राफीत यकृतात 'सिंपल सिस्ट' (द्रवाने भरलेली साधी पिशवी) निघालं, तर खात्रीसाठी सीटीही करून घ्यावा का. माझ्या मते बहुतेक वेळा गरज नसते. आतून पूर्ण काळं, भिंत जवळपास न दिसणारी आणि सिस्टच्या मागे उजळ पट्टा, एवढं स्वच्छ दिसलं की निदान झालं. सीटीत तेच सिस्ट 0 ते 20 हौन्सफील्ड युनिटचा (सीटीत घनता मोजायचं एकक) एकसारखा करडा गोळा दिसतं; आतले बारीक पडदे त्यात चक्क हरवतात. (महाग तपासणी म्हणजे जास्त अचूक, हा समज काही जात नाही.)

खरी गोची पडदे दिसल्यावर सुरू होते. मोठ्या सिस्टच्या पोटात छोटी सिस्टं, किंवा सुटलेला पापुद्रा द्रवात तरंगताना दिसला, तर हायडॅटिड (फीतकृमीच्या अळीमुळे होणारं सिस्ट) समजूनच पुढे जायचं. घाईने सुई घालायची नाही; द्रव पोटात सांडला तर तीव्र अ‍ॅलर्जी येऊ शकते आणि रोगही पसरतो. रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणून हायडॅटिड नाहीच, असंही नसतं.

मध्यमवयीन स्त्री, एकच मोठं सिस्ट, जाड पडदे किंवा भिंतीवर गाठ असेल तर म्युसिनस ट्यूमरचा (चिकट द्रव तयार करणाऱ्या गाठीचा) विचार हवा. इथे कॉन्ट्रास्ट (रक्तपुरवठा असलेला भाग उजळवणारं, शिरेतून दिलेलं औषध) देऊन केलेला एमआरआय कामाचा. रक्तस्राव झालेलं साधं सिस्टही असंच घाबरवतं, पण त्यातली गुठळी कॉन्ट्रास्ट घेत नाही, म्हणजे उजळत नाही.

सोबत ताप आणि दुखणं असेल तर मात्र आधी गळूच डोक्यात आणा.