वजन सहा किलो उतरले, मग सीआरपी वाढला कसा?

प्रश्न (जळगाव)
माझे वय ४६. मेहरूण तलावाच्या काठी रोज पहाटे पाऊण तास चालून आणि शेवभाजीवरची तर्री वर्ज्य करून चार महिन्यांत वजन ९४ किलोवरून ८८ वर आणले. वजन उतरले की शरीरातील दाह कमी होतो, असे डॉक्टरांनी सांगितले होते. प्रत्यक्षात एचएस-सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे रक्तातील प्रथिन, अतिसूक्ष्म तपासणीने मोजलेले) ४.६ मिलिग्रॅम प्रतिलिटर होता, तो गेल्या आठवड्यात १२.४ आला. आदल्या दिवसापर्यंत सर्दी-खोकला होता, एवढेच काय ते वेगळे.

उत्तर (धुळे, वैद्यकीय व्यवसाय)
'एवढेच काय ते वेगळे' म्हणून जे लिहिले आहे, तेच बहुधा कारण आहे. आकडा १० च्या वर गेला की आधी संसर्ग किंवा इजा शोधावी आणि बरे वाटल्यावर दोनेक आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी.
लठ्ठपणातला दाह निराळा, मंद आणि सततचा असतो. पोटातील चरबीच्या पेशी फार फुगल्या की त्यांना प्राणवायू अपुरा पडतो, काही मरतात, आणि त्यांच्याभोवती मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी कडे करून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते मुकुटासारखे दिसते. तेथून टीएनएफ-अल्फा आणि आयएल-६ ही दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात उतरतात, आणि आयएल-६ मुळे यकृत सीआरपी बनवू लागते. वजन घटते तसा हा क्रम मंदावतो व दाह आवरणारे अॅडिपोनेक्टिन हे संप्रेरक वाढते. मात्र सीआरपीतली घट किलोमागे सरासरी ०.१३ मिलिग्रॅम प्रतिलिटर एवढीच असते, म्हणजे तुमच्या सहा किलोंचे जेमतेम ०.८. सिगारेट ओढत असाल, तर तेही कळवा; तिनेही सीआरपी वाढतो.

उत्तर (भुसावळ)
माझे वजन वर्षभरात दीड किलोच उतरले, पण कंबर ९१ सेंटिमीटरवरून ८५ झाली. बायकांसाठी आपल्याकडची मर्यादा ८० आहे, म्हणजे मजल अजून बाकी आहे, तरी काट्यापेक्षा टेपवर माझा अधिक विश्वास बसला आहे. कळण्याची भाकरी मी सोडली नाही. चौघांच्या भरिताला पाऊण वाटी तेल जात होते, त्यातच नऊशेच्या आसपास कॅलरी होत्या. आता तीन चमचे मोजून घालते. पहिले दोन आठवडे घरात कुरबुर झाली.

प्रश्नकर्ता
बरे झाल्यावर पुन्हा तपासले, ३.९ आला. दिवसाला दोन सिगारेटी होतात, ते मुद्दामच लिहिले नव्हते.