मदत हवी आहे: मॅजिक द गॅदरिंगमध्ये नियमाचं चुकीचं उत्तर दिलं, पुढे नीट उत्तरं कशी द्यावीत?

शनिवारचा डाव

नमस्कार मंडळी,

थोडं लांबण लागेल, पण मदत मनापासून हवी आहे.

आम्ही सात-आठ जण दर शनिवारी संध्याकाळी पुण्यात एका मित्राच्या घरी मॅजिक खेळतो. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने काढलेला हा पत्ते जमवून खेळायचा खेळ १९९३ साली बाजारात आला. प्रत्येकाने आपापला किमान ६० पत्त्यांचा डेक बांधून आणायचा. दोघांना २०-२० लाइफ असतं, समोरच्याचं शून्यावर आणलं की जिंकलात. आजवर वीस हजारांहून जास्त वेगवेगळे पत्ते निघालेत आणि त्यावरचा मजकूर हाच एक छोटा नियम असतो. पत्ता आणि मूळ नियम यांचं पटलं नाही तर पत्त्याचं खरं धरायचं.

वयाने मी सगळ्यांत मोठा, बरेचसे पत्तेही माझेच. त्यामुळे काही अडलं की सगळे माझ्याकडे बघतात.

मागच्या शनिवारी मित्राची मावसबहीण पहिल्यांदा आली. अकरावीत आहे. तिला मीच एक सोपा हिरवा डेक दिला होता. तिच्यापुढे ग्रिझली बेअर्स हे क्रीचर, म्हणजे लढणारं अस्वल होतं, २/२, म्हणजे पॉवर (किती डॅमेज देतं) २ आणि टफनेस (किती डॅमेजने मरतं) २. समोरच्याने त्याच्यावर लाइटनिंग बोल्ट टाकला, ३ डॅमेज. तिने हातातले पत्ते तीनदा वरखाली केले आणि जायंट ग्रोथ टाकला, टर्न संपेपर्यंत +३/+३. अस्वल ५/५ झालं, ३ डॅमेज सोसलं आणि टिकलं. डॅमेज विसरू नये म्हणून तिने त्या पत्त्यावर एक फासा ठेवला, तीन ठिपके वर करून.

टर्न संपताना समोरचा म्हणाला, "ग्रोथ उतरली. अस्वल परत २/२, अंगावर ३ डॅमेज. मेलं." तिने माझ्याकडे पाहिलं. "दादा, असं असतं?" मी लगेच म्हटलं, हो, त्याचं बरोबर आहे. पत्ता ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे बाद पत्त्यांच्या ढिगात गेला. दोन टर्नांनंतर ती हरली. चपला घालताना म्हणाली, "मग ती ग्रोथ टाकून उपयोग काय झाला?"

ते वाक्य डोक्यातून जाईना. रात्री नियमावली उघडली. ५१४.२ मध्ये स्पष्ट लिहिलंय: टर्नच्या अगदी शेवटी, क्लीनअपमध्ये, अंगावरचं डॅमेज पुसलं जातं आणि "टर्न संपेपर्यंत"चे परिणाम संपतात, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात. अस्वल २/२ आहे आणि त्याच्या अंगावर ३ डॅमेज आहे, असा क्षण येतच नाही. तिने अगदी योग्य वेळी योग्य पत्ता टाकला होता आणि मी तो वाया घालवला.

माझे प्रश्न:

नियमावली अडीचशेपेक्षा जास्त पानांची आहे. डाव चालू असताना त्यात नेमकं कुठे बघायचं? नेटवर एकाच प्रश्नाची दोन उत्तरं सापडतात, त्यातलं कोणतं धरायचं? पत्ते इंग्रजीत, आमचं बोलणं मराठीत, आणि समजावताना काहीतरी निसटतं, त्याचं काय करावं? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आता तिला सांगू का? डाव तर होऊन गेला.

---

अबोली

मला हा खेळ येत नाही, पण मी शाळेत शिकवते म्हणून शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहिते. सांगा, आणि शनिवारची वाट न बघता आजच सांगा. आपल्याला हे जमत नाही असा समज घेऊन ती घरी गेली आहे, प्रत्यक्षात तिचा विचार बरोबर होता. फळ्यावर माझ्याकडून चूक झाली तर मी दुसऱ्या दिवशी तेच गणित पुन्हा मांडते आणि ज्या मुलाने बरोबर सोडवलं होतं त्याचं नाव घेते.

---

रानमेवा

मी काही वर्षं स्पर्धांमध्ये जज म्हणून काम केलंय. तुमच्यासारखं चुकीचं उत्तर मीही दिलंय, तेही भरलेल्या हॉलमध्ये, त्यामुळे तुमची रात्र कशी गेली असेल ते कळतं.

पहिली गोष्ट, प्रश्न ऐकल्या ऐकल्या उत्तर देऊ नका, आधी उलट विचारा. टर्न कोणाचा, कोणी काय टाकलं, कशाच्या उत्तरादाखल टाकलं? तुमचेच दोन पत्ते घ्या. बोल्ट आधी आणि त्यावर ग्रोथ, तर अस्वल वाचतं. तिने ग्रोथ आधी टाकली असती आणि समोरच्याने त्यावर बोल्ट टाकला असता, तर बोल्ट आधी लागू झाला असता, २/२ अस्वल गेलं असतं आणि ग्रोथला लक्ष्यच न उरल्याने ती वाया गेली असती. पत्ते तेच, मैदान तेच, फक्त वाट कोणी पाहिली त्यावर निकाल फिरतो. याचं कारण स्टॅक. मी त्याला ताटांची चळत म्हणतो: सगळ्यांत वर ठेवलेलं ताट आधी उचलायचं. नवख्याला समजावताना मी पत्ते खरोखर एकावर एक ठेवून दाखवतो आणि वरचा उचलायला लावतो. एकदा हाताने केलं की पुन्हा विचारावं लागत नाही.

दुसरी गोष्ट, पत्ता मोठ्याने वाचायला लावा, पूर्ण, शेवटच्या शब्दापर्यंत. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. मजकुरात तीन खुणा शोधायच्या. "जेव्हा" किंवा "प्रत्येक वेळी" या अर्थाचा शब्द असेल तर ती आपोआप सुरू होणारी गोष्ट, ट्रिगर, आणि ती चळतीवर जाते. मध्ये विसर्गासारखे दोन ठिपके असतील तर ठिपक्यांच्या आधी किंमत आणि नंतर काम, तेही बहुधा चळतीवर जातं. "त्याऐवजी" असेल तर मात्र चळत नाही आणि उत्तर द्यायला सवडही नाही, घडणारी गोष्टच बदलून जाते.

आणि चळतीवर गेलेली गोष्ट तिच्या मालकापासून सुटलेली असते. प्रॉडिगल सॉर्सररचं नेहमीचं भांडण बघा. तो टॅप करून, म्हणजे पत्ता आडवा करून, कुठेही १ डॅमेज देतो. त्याने टॅप केलं, तुम्ही त्यालाच बोल्टने उडवलं. डॅमेज थांबलं का? नाही, ते होणारच.

मराठीबद्दल तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत, कारण खरी गफलत तिथेच होते. टेबलावर आपण सगळ्यालाच "मेलं" म्हणतो. नियमात मात्र डिस्ट्रॉय वेगळं, सॅक्रिफाइस (आपणच आपला पत्ता बळी देणं) वेगळं, आणि टफनेस शून्य झाल्याने ग्रेव्हयार्डमध्ये जाणं आणखी वेगळं. इनडिस्ट्रक्टिबल, म्हणजे डिस्ट्रॉय न होणाऱ्या, क्रीचरला डूम ब्लेड काही करू शकत नाही, कारण तो पत्ता डिस्ट्रॉय करतो. त्याच क्रीचरला पुरेसं उणे-उणे (-१/-१ वगैरे) दिलं आणि टफनेस शून्यावर आलं की ते जातं, कारण तिथे डिस्ट्रॉय हा प्रकारच नाही. म्हणून पत्त्यावरचा शब्द तसाच उच्चारायचा, डिस्ट्रॉय, सॅक्रिफाइस, टार्गेट, आणि मग तो मराठीत उलगडायचा. पत्ते मराठीत छापले जात नाहीत, त्यामुळे ही सवय आपल्यालाच लावून घ्यावी लागते.

नियमावलीत कुठे बघायचं: तिचे नऊ विभाग आहेत आणि नियमाचा पहिला आकडा म्हणजे विभाग. टर्नमध्ये काय कधी होतं ते ५ मध्ये. पत्ते टाकणं, ट्रिगर, "त्याऐवजी", हे सगळं ६ मध्ये. फ्लाइंग, ट्रॅम्पलसारखे शब्द ७०२ मध्ये, आणि क्रीचर कधी जातं ते ७०४ मध्ये. शेवटी शब्दसूची आहे. मी बहुतेक वेळा तिथूनच सुरुवात करतो.

एक इशारा. चळत समजली की माणूस सगळीकडे क्रम लावायला लागतो, पण क्रीचरचे आकडे मोजताना तसं चालत नाही. जायंट ग्रोथ घेतलेल्या अस्वलावर टर्न टू फ्रॉग (बेडूक बनवून मूळ आकडा १/१ करणारा पत्ता) टाकला, तर ते १/१ होईल असं वाटतं. होतं ४/४. उलट क्रमाने टाकलं तरी ४/४ च. मूळ आकडा ठरवणारे परिणाम आधी लावायचे आणि वाढवणारे-घटवणारे नंतर, मग पत्ते कधीही टाकलेले असोत. याला लेयर्स म्हणतात, ६१३ मध्ये आहेत. नवख्यांना हे पहिल्या महिन्यात सांगू नका.

---

जुना खेळगडी

दोन वेगवेगळी उत्तरं सापडतात त्याचं कारण बहुतेकदा तारीख असतं. मी २००६ पासून खेळतोय. तेव्हा लढाईतलं डॅमेजसुद्धा स्टॅकवर जायचं. मॉग फॅनॅटिक हा १/१ चा पत्ता, सॅक्रिफाइस केला की १ डॅमेज देतो. आम्ही त्याने ब्लॉक करायचो, म्हणजे समोरच्याचा हल्ला अडवायचो, लढाईचं १ डॅमेज स्टॅकवर ठेवायचो, मग त्याला सॅक्रिफाइस करून आणखी १ द्यायचो, आणि २/२ क्रीचर पडायचं. २००९ मध्ये मॅजिक २०१० या संचाबरोबर तो नियम गेला. आता दोन्हीपैकी एकच मिळतं. नंतर २०२४ मध्ये फाउंडेशन्स या संचाच्या वेळी आणखी एक गोष्ट गेली: एका हल्लेखोराला अनेकांनी ब्लॉक केलं तर त्यांची रांग आधी ठरवावी लागायची, ती आता लागत नाही. डॅमेज द्यायच्या वेळी हवं तसं वाटायचं.

त्यामुळे २००८ मधलं उत्तर कितीही विद्वत्तापूर्ण असलं तरी आज कामाचं असेलच असं नाही. नियमावली प्रत्येक मोठ्या संचाबरोबर नव्याने निघते, ताजी प्रत फोनमध्ये ठेवा.

छापील पत्त्याचंही तसंच. माझ्याकडच्या २०१० सालच्या लाइटनिंग बोल्टवर "क्रीचर किंवा प्लेअर" असं छापलंय. आज त्याचा अधिकृत मजकूर "कोणतंही टार्गेट" असा आहे, म्हणजे तोच जुना पत्ता प्लेन्सवॉकर या प्रकारच्या पत्त्यावरही चालतो. अधिकृत मजकूर गॅदरर या कंपनीच्या साइटवर मिळतो, आणि बऱ्याच पत्त्यांखाली त्या-त्या पत्त्याचे निवाडेही दिलेले असतात. मी नियमावलीच्या आधी तिथे बघतो.

---

कोरा पत्ता

सगळं पटतंय, पण घरच्या डावात दर वेळी फोन काढून नियम चाळत बसलं तर रंग जातो. आमच्याकडे पाच मिनिटांत सापडलं नाही तर जो नियम त्यातल्या त्यात बरोबर वाटतो तो त्या डावापुरता धरतात.

---

रानमेवा

@कोरा पत्ता, चालेल. फक्त "आजपुरतं असं धरू, नक्की माहीत नाही" हे तोंडाने म्हणा आणि प्रश्न वहीत लिहून ठेवा. धागाकर्त्यांचं उत्तर चुकलं त्याहून मला जास्त खटकलं ते त्यांनी ते ठामपणे दिलं हे. त्या मुलीला शंका घ्यायला जागाच उरली नाही.

आणखी एक राहिलं होतं. नियम विचारला तर नियमच सांगा. "आता मी काय करू?" याचं उत्तर स्पर्धेत जज देत नाही. "मी हे केलं तर काय होईल?" याचं जरूर द्या. शिकणाऱ्याला हा फरक कळला की ती स्वतःच दुसऱ्या प्रकारे विचारायला लागते.

---

शनिवारचा डाव

सगळ्यांचे मनापासून आभार. वही आणली, वर ५१४.२ लिहिलं.

एक अडलेला प्रश्न लगेच विचारून घेतो. ६/६ क्रीचर, त्याला डेथटच (थोडंसं डॅमेज दिलं तरी समोरचं क्रीचर मरतं) आणि ट्रॅम्पल (जास्तीचं डॅमेज प्लेअरला जातं) दोन्ही. समोरून ५/५ ने ब्लॉक केलं. आम्ही आजवर ५ डॅमेज ब्लॉकरला आणि १ प्लेअरला देत आलो. बरोबर आहे का?

---

जुना खेळगडी

प्लेअरला फक्त १ द्यायचं ठरवलंत तर चालतं, पण सक्ती नाही. ट्रॅम्पलमध्ये ब्लॉकरला मारण्यापुरतं डॅमेज द्यावं लागतं आणि उरलेलं पुढे जातं. डेथटच असेल तर मारण्यापुरतं म्हणजे १. तेव्हा १ ब्लॉकरला, ५ प्लेअरला.

---

शनिवारचा डाव

म्हणजे गेल्या दिवाळीपासून आम्ही त्या पत्त्याला निम्म्या ताकदीने खेळवत होतो. वहीत दुसरी ओळ.

काल संध्याकाळी तिला फोन केला. माझं उत्तर चुकलं होतं, नियम असा आहे आणि तुझं अस्वल जिवंत होतं, एवढं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे पुढच्या टर्नला मी त्याने ब्लॉक करू शकले असते." तिला अख्खा डाव लक्षात होता, टेबलावर कोणाचं काय होतं तेसुद्धा. शनिवारी त्या टर्नपासून तोच डाव परत मांडायचं ठरलंय. समोरचा मित्रही तयार आहे.

फोन ठेवण्याआधी तिने विचारलं, "दादा, त्याच्याकडे दोन बोल्ट असते तर?" मी म्हटलं, थांब, दुसरा बोल्ट त्याने ग्रोथच्या आधी लागू करायचा की नंतर, ते सांग. ती म्हणाली, दोन्ही सांग. मग दोघांनी मिळून मांडलं. ग्रोथवर लगेच टाकला तर अस्वल २/२ असतानाच जातं, आणि ग्रोथ व पहिला बोल्ट दोन्ही लक्ष्याविना वाया जातात. ग्रोथ लागू झाल्यावर टाकला तर ५/५ वर एकूण ६ डॅमेज, तरीही जातं. एवढं बरोबर आहे ना?

---

रानमेवा

दोन्ही बरोबर. तिला शनिवारी चार फासे जास्त द्या.