रिसेल फ्लॅट घेतेय, सोसायटी दीड लाख मागतेय, द्यावेच लागतात का?

डोंबिवलीत जुन्या बिल्डिंगमध्ये १ बीएचके रिसेल घेतेय, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालं, स्टॅम्प ड्युटी भरली, लोनही झालं. आता सेक्रेटरी म्हणतात शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवायचं तर १.५ लाख "विकास निधी" द्या, सगळ्यांनी दिलाय. आई सारखी म्हणते देऊन टाक, उद्या तिथेच राहायचंय, कशाला वाकडं घ्यायचं. पण लोनचे हप्ते सुरू झालेत, एवढे पैसे आणू कुठून? आणि ते सर्टिफिकेट बघितलं तर त्यावर ५० रुपयाचे ५ शेअर्स, म्हणजे २५० रुपये फक्त. मग फ्लॅट माझ्या नावावर नक्की कशाने होतो?

उत्तर १
ताई, देऊ नका. मी ९ वर्षं आमच्या सोसायटीत खजिनदार होतो म्हणून सांगतो. महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, जास्तीत जास्त २५,००० घेता येतो, तोही जनरल बॉडीने, म्हणजे सभासदांच्या सभेने, ठरवला असेल तर, वर ट्रान्सफर फी ५०० आणि प्रवेश फी १००, संपलं. देणगी, विकास निधी, पेंटिंग फंड, काहीही नाव दिलं तरी ट्रान्सफरच्या वेळी वेगळे पैसे मागता येत नाहीत, उपविधीतच, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीतच, लिहिलंय. वारसाच्या नावावर करताना तर प्रीमियमच नाही.

२५० च्या आकड्यावर जाऊ नका. अ‍ॅग्रीमेंटने तुम्ही विकणाऱ्याचा हक्क घेतलात, पण सोसायटीत सभासद म्हणून उभं राहायला ते सर्टिफिकेट लागतं. मागची बाजू उलटून बघा, तिथे तक्ता असतो, आधीच्या मालकांची नावं, ट्रान्सफरची तारीख आणि पुढे चेअरमन-सेक्रेटरीच्या सह्या, शिक्का. तुमचं नाव त्यातल्या पुढच्या ओळीत येणार. मग एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, तुमचं एक मत, १ आरके वाल्याचंही एक आणि ३ बीएचके वाल्याचंही एकच, सहकारातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे.

उत्तर २
वरच्यांचं बरोबर. पण पुण्यात असाल तर आधी विचारा सोसायटी आहे की अपार्टमेंट. अपार्टमेंट १९७० च्या कायद्याखाली असतं, तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं, डीड ऑफ अपार्टमेंट असतं आणि जमिनीत टक्क्याने अविभक्त हिस्सा. डोंबिवलीचं सर्टिफिकेट आहे म्हणजे तुमची सोसायटीच.

उत्तर ३
कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, झालंय का ते बघा ना आधी!! बिल्डिंग सोसायटीची पण खालची जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर, असं खूप ठिकाणी आहे. सोसायटी नोंदल्यावर ४ महिन्यात बिल्डरने करून द्यायचं असतं. आमच्या बिल्डिंगला ३० वर्षं कोणी विचारलंच नाही, प्लास्टर पडायला लागलं, रिडेव्हलपमेंटचा विषय निघाला तेव्हा सातबारा काढला आणि सगळे हबकले. शेवटी डीम्ड कन्व्हेयन्स केलं, २००८ पासून ती सोय आहे, बिल्डर सही करत नसला तरी होतं.

उत्तर १ (परत)
हो, ते महत्त्वाचंच. आणि ताई, अर्ज तोंडी नको, सगळे फॉर्म जोडून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासकट पोच घ्या. निर्णयाला ३ महिने असतात. नाकारलं तर कारण लेखी मागा आणि सहकार खात्याच्या डेप्युटी रजिस्ट्रारकडे जा. पैसे द्यायचेच झाले तर चेकने आणि पावती घेऊनच.

प्रश्नकर्ती
खूप आभार सगळ्यांचे, खरंच धीर आला. आईला वाचून दाखवलं, आता तीच म्हणतेय २५ हजाराच्या वर एक रुपया नाही. रविवारी ऑफिस उघडं असतं तेव्हा अर्ज देते, सातबाराचंही विचारते.